पाकिटातली छोटी पुडी आणि आशियातले जीएम कायदे

काळी_कसदार | 11 जून 2025, रात्री 9.40

परवा गोठ्याच्या माळ्यावरची अडगळ काढत होतो. एका फाटक्या गोणीत कपाशीच्या बियाण्याच्या नऊ छोट्या पुड्या सापडल्या. एकही फोडलेली नाही. प्रत्येकीवर 120 ग्रॅम, 'नॉन बीटी'. आमच्या भागात तिला सगळे 'रेफ्युजी' म्हणायचे. बियाणं आता कशाच्याच कामाचं नाही, किडे लागून पार भुसा झालाय. तरी त्या पुड्या हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. जीएम, म्हणजे जनुकांत बदल केलेल्या पिकांवर इथे आधी बरेच धागे झाले आणि बहुतेक 'हवं की नको' याच भांडणात विझले. मला ज्यावर बोलायचंय ते या पुडीत आहे.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. 2002 च्या मार्चमध्ये केंद्राच्या जीईएसी, म्हणजे जीएम पिकांना मंजुरी देणाऱ्या समितीने बीटी कपाशीला परवानगी दिली, ती जालन्याच्या कंपनीच्या तीन संकरित वाणांना. परवानगीला अट होती. पाकिटात 450 ग्रॅम बीटी बियाणं आणि सोबत 120 ग्रॅम साधं. हे साधं बियाणं बीटीच्या भोवती पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त भरेल तेवढ्यात लावायचं. बीटीच्या झाडात अळीला मारणारं प्रथिन तयार होतं. लाखो अळ्यांत एखादी ते पचवते आणि तिचा पतंग होतो. अशा दोन वाचलेल्या पतंगांची गाठ पडली तर पुढची सगळी पिल्लावळ बीटीला दाद देत नाही. शेजारी साध्या पऱ्हाटीवर वाढलेले भरपूर पतंग असले, तर वाचलेल्याचा जोडा त्यांच्याशीच जमतो आणि त्यांची पिल्लं पुन्हा बीटी खाऊन मरतात. पाच ओळींचं काम एवढंच, पण त्यावर सगळ्या तालुक्याचं पीक टिकून होतं.

बाबांना मी हे समजावलं होतं. ते म्हणाले, "पैसे मोजून आणलेल्या बियाण्यात वावराचा पाचवा हिस्सा अळीच्या जेवणाला कशाला द्यायचा?" त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आमची सात एकर जमीन. तोटा आमच्या धुऱ्यावर आणि फायदा सगळ्या तालुक्याला, ही अट कोणत्या कास्तकाराने मनापासून पाळली असती? कृषी केंद्रवाल्याने कधी विचारलं नाही. कंपनीचा माणूस यायचा तो पुढच्या वर्षीचं वाण सांगायला. शेतात येऊन 'ओळी कुठे आहेत' असं विचारणारा सरकारी माणूस मी पंधरा वर्षांत एकदाही पाहिला नाही.

मग 2017 आलं. यवतमाळ जिल्ह्यातला तो हंगाम इथे अनेकांना फवारणीच्या विषबाधेमुळे आठवत असेल. मला त्याच्यासोबत डोमकळ्याही आठवतात. पाकळ्या उमलायच्याच नाहीत, टोकाशी चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या. पिळून उघडलं की आत इवलीशी अळी. दिवाळीनंतर धुऱ्यावर बसून दहा बोंडं फोडली, सातांत गुलाबी अळी होती. बाहेरून बोंड एकदम ठणठणीत, आत पाकळीतली सरकी पोखरलेली आणि कापसाला पिवळट डाग. व्यापाऱ्याने कवडी म्हणून बाजूला काढला. बीटीचं दोन जनुकांचं बियाणं होतं ते, 2006 मध्ये आलेलं. पहिल्या जनुकाला ही अळी गुजरातेत दाद देत नाही हे 2010 मध्ये मोन्सँटो या अमेरिकन बियाणं कंपनीनेच जाहीर केलं होतं.

त्या वर्षापासून मी हा विषय मिळेल तिथून वाचतो. आपण चर्चा करतो ती मंजुरीची. समिती, चाचण्या, उंदरांवरचे प्रयोग, कोर्ट. मंजुरीनंतर शेतात कोण बघतं, याबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते जैवसुरक्षा ती हीच. आशियातले देशही मी आता याच फूटपट्टीने मोजतो.

चीनचं उदाहरण मला फार शिकवून गेलं. तिथे बीटी कपाशी 1997 पासून. रेफ्युजीची सक्ती त्यांच्या कायद्यात नव्हती. यांगत्से नदीच्या खोऱ्यात गुलाबी अळी बीटीला थोडी थोडी दाद देईनाशी होऊ लागली. त्याच काळात तिथे बीटी आणि साध्या कपाशीच्या संकराचं दुसऱ्या पिढीचं बियाणं पसरलं, कारण ते स्वस्त पडत होतं. दुसऱ्या पिढीत चारातलं एक झाड आपोआप साधं निघतं. म्हणजे रेफ्युजी पाकिटातच मिसळलेली, वेगळी पुडी नाही, पाच ओळी नाहीत, फेकून द्यायची सोय नाही. अळीची वाढलेली प्रतिकारशक्ती उलटी फिरली. 2017 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं, म्हणजे आम्ही इकडे बोंडं फोडत होतो त्याच वर्षी.

आणि बांगलादेश. ज्या बीटी वांग्याला आपल्याकडे फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी थांबवलं, तेच जनुक, जालन्याहून निघालेलं, तिकडे गाझीपूरच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने आपल्या स्थानिक वाणांत घातलं. 30 ऑक्टोबर 2013 ला मंजुरी, 22 जानेवारी 2014 ला पहिल्या 20 शेतकऱ्यांना रोपं. वाण सरळ, संकरित नाहीत. बियाणं घरचं ठेवता येतं. रेफ्युजीच्या ओळी तिथेही आहेत. फरक हा की सुरुवातीला शेतकरी मोजके होते आणि सरकारी संस्थेची माणसं त्यांच्या बांधावर जात होती. 2018 पर्यंत शेतकरी 27 हजारांवर गेले. आता तेवढ्या बांधांवर कोण जातं, हा माझा तिथल्यांनाही प्रश्न आहे.

वेगवेगळ्या देशांत राहणारे इथे बरेच आहेत. तुमच्याकडे मंजुरीनंतर शेतात, बंदरावर, दुकानात कोण बघतं, ते कृपया लिहा.

---

रानवाट | 11 जून, रात्री 10.25

कसदार भाऊ, पोटतिडकीने लिहिलंय, पण बांगलादेशचं कौतुक मला पटलं नाही. 2010 च्या त्या निर्णयाआधी बीटी वांग्यावर सात शहरांत जनसुनावण्या झाल्या. नागपूरच्या सुनावणीला मी कोकणातून रात्रभर प्रवास करून गेलो होतो. सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. तिथे एका बाईने पिशवीतून सात-आठ प्रकारची वांगी काढून टेबलावर मांडली. हिरवी, पांढरी, काटेरी, भरताची. म्हणाली, यातलं कोणतं उरेल ते सांगा. वांग्याचं मूळ घर आपल्या भागातलं, रानवांगी आपल्याच बांधावर उगवतात. परागकण तिकडे गेले तर ते परत बोलावता येत नाहीत. तुम्ही म्हणता मंजुरीनंतर कोण बघतं. कोणी बघत नाही हे दिसत असताना मंजुरीच कशाला द्यायची?

---

तिफण | 11 जून, रात्री 10.58

रानवाट दादा, वांगी दोन गुंठ्यांत लावणाऱ्याला असं म्हणणं परवडतं. बांगलादेशात आणि आपल्याकडे वांग्याला शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीसाठी किती फवारण्या होतात ते एकदा भाजीवाल्या शेतकऱ्याला विचारा. दर दोन-तीन दिवसांनी पंप पाठीवर घेणारे लोक आहेत. ते विष तुमच्या भरतात येतं, त्याची जनसुनावणी कधी झाली?

मी अकोला जिल्ह्यातला. कालच सहा वर्षं झाली. 10 जून 2019 ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशकाला न मरणारी एचटीबीटी कपाशी उघडपणे पेरली. मी तिथे होतो. कायदा मोडतोय हे सांगून मोडला. निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर पावसाच्या उघडीपीत सगळ्यांना एकाच वेळी हवे असतात, आणि तेवढ्यात तण पऱ्हाटीच्या वर जातं. जगात तंत्रज्ञान आहे आणि आम्ही मात्र चोरून घ्यायचं. समितीत बसणाऱ्यांनी एक दिवस डवऱ्यामागे चालून बघावं.

---

काळी_कसदार | 11 जून, रात्री 11.30

तिफण भाऊ, निंदणाचं दुःख मला सांगू नका, मीही त्यातच आहे. पण चोरबीटीनेच रेफ्युजीचं उरलंसुरलं घोडं मारलं. साध्या पाकिटात आलेलं बियाणं, त्यावर ना लॉट नंबर, ना उगवण टक्केवारी, ना कंपनीचं नाव. त्यात बोंडअळीला मारणारं जनुक किती, साधं बियाणं किती, कोणालाच माहीत नाही. उगवलं नाही तर बिल कुठलं दाखवणार? आमच्या गावात तिघांचं बियाणं वाया गेलं, तक्रार करायला तोंडच नव्हतं. तुमची मागणी खुल्या परवानगीची असेल तर मी ऐकेन. पण चोरून आलेल्या बियाण्याला स्वातंत्र्य म्हणू नका.

रानवाट दादा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. वांग्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं मी खोडत नाही. पण 2019 मध्ये हरियाणात फतेहाबादला बीटी वांगं शेतात उभं सापडलं. बंदी घातली म्हणून पीक आलं नाही असं झालं नाही. बंदी घातल्यावरही बघणारा माणूस लागतोच.

---

बांधावरचा_साहेब | 12 जून, सकाळी 7.10

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो. कसदार यांनी ज्याला हात घातलाय त्याबद्दल आतून सांगतो. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 1989 चे नियम आहेत. त्यांत वरच्या समित्या सगळ्यांना माहीत असतात. त्याच नियमांत राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक समन्वय समिती आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक जिल्हास्तरीय समिती सांगितली आहे. तिच्यात कृषी अधिकारी आहे, आरोग्याचा माणूस आहे, प्रदूषण नियंत्रणाचा आहे. शेतात जाऊन पाहायचं काम याच समितीचं. कागदावर रचना उत्तम आहे, आशियात इतकी खालपर्यंत गेलेली रचना फार कमी देशांत असेल.

मी नोकरीत असताना एका जिल्ह्यात नऊ वर्षं होतो. या समितीच्या बैठकीचा निरोप मला एकदाही आला नाही. मीच एकदा फाइल शोधली. स्थापनेचा आदेश होता, त्यावर धूळ होती, पुढे एकही इतिवृत्त नव्हतं. मी एक टिपण लिहून वर पाठवलं. आज मला वाटतं की एकच टिपण लिहून थांबायला नको होतं. कर्मचारी कमी होते हे खरं. एका कृषी सहायकाकडे कितीतरी गावं, त्यात पीक विमा, पंचनामे, शेततळी. तो कोणाच्या धुऱ्यावर पाच ओळी मोजणार?

---

सप्तपदी_नागोया | 12 जून, सकाळी 9.05

मी अठरा वर्षं जपानमध्ये आहे. इकडचं सांगते.

जपान मका, सोयाबीन आणि कनोला प्रचंड प्रमाणात आयात करतो आणि त्यात जीएम मोठ्या प्रमाणावर असतं. पण देशात खाण्याचं जीएम पीक व्यापारी तत्त्वावर कोणी लावत नाही. परवानग्या आहेत, शेतकरी लावत नाहीत, कारण गिऱ्हाईक नको म्हणतं. लावलं जातं ते निळ्या गुलाबाचं फूल. जीएम जिवांच्या देशोदेशीच्या ने-आणीबद्दलच्या कार्टाजेना करारानंतर इथे 2003 मध्ये वेगळा कायदा झाला, 2004 पासून लागू आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं ते रस्त्यावर. मिए प्रांतात योक्काइची बंदर आहे. तिथे कनोला उतरतो आणि ट्रकने राष्ट्रीय मार्ग 23 वरून तेलाच्या कारखान्याकडे जातो. वाटेत दाणे सांडतात आणि वसंतात दुभाजकावर पिवळी फुलं येतात. एका मार्चमध्ये मी गाडीतून जाताना पाहिलं, पन्नाशी-साठीतली दहा-बारा माणसं हातमोजे घालून ती रोपं उपटत होती. थांबून विचारलं. प्रत्येक रोपाचं पान छोट्या नळीत चुरडून त्यात कागदाची पट्टी बुडवत होते. एक रेघ आली की साधं, दोन आल्या की जीएम. दोन रेघावाली पिशवी वेगळी. एका आजींनी मला पट्टी हातात धरायला दिली. त्या दरवर्षी येतात, गेली कित्येक वर्षं. सरकारही बंदरांच्या आसपास दरवर्षी सर्वेक्षण करतं आणि अहवाल लोकांसमोर ठेवतं. पण रोपं उपटायला या आजी असतात.

दुकानातलंही सांगते. तोफूच्या पाकिटावर 'जीएम नाही' असं लिहायचा नियम एप्रिल 2023 पासून कडक झाला. पूर्वी चुकून पाच टक्क्यांपर्यंत मिसळलेलं चालायचं, आता तपासणीत अजिबात सापडलं नाही तरच तसं लिहिता येतं. सोया सॉस आणि तेलावर मात्र जीएम वापरलंय हे लिहायची सक्ती नाही, कारण त्यात जनुकाचा अंश सापडत नाही असं धरलंय. मला ते पटत नाही. पण निदान कुठे रेघ मारलीय ते माणसाला कळतं.

---

सुगरण_मिरजेची | 12 जून, दुपारी 1.15

नागोयाच्या ताई, पट्टीचं वाचून अंगावर काटा आला. माझा साधा प्रश्न. आपल्याकडे जीएम खाण्यात नाही असं म्हणतात. मग सरकीचं तेल? आमच्या म्हशींना मी रोज सरकीची ढेप घालते. ती ढेप बीटी कपाशीचीच ना?

---

काळी_कसदार | 12 जून, दुपारी 2.00

ताई, हो. देशातली जवळजवळ सगळी कपाशी बीटी, त्यामुळे सरकी बीटीची, ढेप तिचीच आणि तेलही तिचंच. बाहेरून येणारं सोयाबीन तेलही बहुतांशी जीएम सोयाबीनचं असतं, त्याला परवानगी आहे. मंजुरीच्या वेळी ढेपेवर आणि तेलावर चाचण्या झाल्यात, म्हणून मी तुम्हाला घाबरवणार नाही. पण डब्यावर तसं लिहिलेलं असावं, हा तुमचा हक्क आहे, आणि तो आजच्या डब्यावर दिसत नाही.

---

मांजराकाठ | 12 जून, दुपारी 3.20

लातूरहून. कापसावरच बोलताय म्हणून सोयाबीनवाल्यांचंही मांडतो. 2021 च्या उन्हाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. ऑगस्टमध्ये केंद्राने 12 लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. कारण कोंबडीवाल्यांना पेंड महाग पडते. न्हावा शेवा बंदरातून आली. आमचा माल खळ्यावर यायच्या आत भाव पडला. आम्हाला जीएम बियाणं लावायची मनाई, कारण जैवसुरक्षा. आणि परक्या देशातलं जीएम सोयाबीन भरडून आणलं की ते सुरक्षित. भरडल्यावर उगवत नाही हे मान्य. पण आमच्या भावाची सुरक्षा कोण बघणार?

पाकिस्तानात याच्या उलट झालं. 2022 च्या शेवटी सोयाबीनची जहाजं कराचीच्या बंदरात अडकली, कारण जीएमच्या परवान्याचे कागद नव्हते. पोल्ट्रीवाले रस्त्यावर आले. त्याच देशात बीटी कपाशी मात्र आधी चोरून पसरली आणि 2010 मध्ये सरकारने मंजुरी दिली. शेतात आलेलं दिसलं नाही, जहाजावरचं दिसलं.

---

ओरायझा | 12 जून, संध्याकाळी 6.45

मी फिलिपिन्समध्ये लॉस बान्योसला काम करते, भाताच्या संशोधनात, पण जीएमशी थेट संबंध नाही. इथली गोष्ट लांबची आहे, मी जमेल तितकी सांगते.

जीएम मका इथे 2002 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाला, आशियात जीएम मक्याच्या लागवडीला मोकळीक देण्यात हा देश सर्वांत पुढे होता. बीटी वांग्याच्या शेतचाचण्या मात्र 2015 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवल्या आणि ज्या आदेशावर सगळी मंजुरी उभी होती तो आदेशच रद्द केला. पुढच्या जुलैमध्ये त्याच न्यायालयाने, चाचण्या संपल्यात, वाद उरलाच नाही, म्हणून तो निकाल मागे घेतला. तेवढ्यात पाच खात्यांनी मिळून नवे नियम केले होते. 2021 च्या जुलैमध्ये गोल्डन राइसला लागवडीची परवानगी मिळाली, जगात पहिल्यांदा. अ जीवनसत्त्व कमी पडून ज्या मुलांचे डोळे जातात त्यांच्यासाठीचा हा तांदूळ. आणि 17 एप्रिल 2024 ला अपील न्यायालयाने तांदूळ आणि वांगं दोन्हींचे परवाने काढून घेतले.

आमच्या कँटीनमध्ये त्या दिवशी कोणी कोणाशी बोललं नाही. वीस-वीस वर्षं त्यावर घालवलेली माणसं आहेत इथे. मी त्यांच्या बाजूची आहे हे लपवत नाही. पण निकाल वाचताना एक मुद्दा मला मान्य करावा लागला, आणि कसदार यांचा धागा वाचून तो पुन्हा आठवला. सुरक्षितता आणि कायद्याच्या सगळ्या अटी पाळल्याचा पुरावा सरकारी खात्यांनी आणून द्या, असं न्यायालय म्हणत होतं. मंजुरीनंतर देखरेख कशी होणार हाही त्यात प्रश्न होता. आणि आमच्याकडे मक्याच्या शेतात पाहिलं तर परवाना नसलेल्या, चोरून आलेल्या जीएम मक्याचं बियाणं गावोगाव स्वस्तात विकलं जातं. तुमच्या चोरबीटीचा हा सख्खा भाऊ. नियम प्रयोगशाळेच्या दारापर्यंत कडक होते. दाराबाहेर कोणी नव्हतं.

---

तिफण | 12 जून, रात्री 8.10

ओरायझा ताई, म्हणजे मुलांचे डोळे जातील ते जाऊ देत, आधी पुरावा? हे मला नाही समजत.

---

ओरायझा | 12 जून, रात्री 8.40

दादा, मलाही ते सहन होत नाही. पण माझा राग कोर्टावर कमी आणि ज्या खात्यांना देखरेखीची व्यवस्था उभी करायला इतकी वर्षं मिळाली त्यांच्यावर जास्त आहे. ती व्यवस्था असती तर कदाचित हा तांदूळ आज शेतात असता.

---

कलम_32 | 12 जून, रात्री 9.30

कायद्याच्या अंगाने थोडं.

जीएमवरची जनहित याचिका आपल्याकडे 2005 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये जीईएसीने दिल्ली विद्यापीठाच्या डीएमएच-11 या जीएम मोहरीला हिरवा कंदील दिला. 23 जुलै 2024 ला त्यावर दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. नागरत्ना यांनी मंजुरी रद्द ठरवली, न्या. करोल यांनी ती कायम ठेवली. राष्ट्रीय धोरण करा, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. शिक्षेचं सांगायचं तर 1986 च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. 2023 च्या जनविश्वास दुरुस्तीने ती काढून दंड ठेवला, दहा हजार ते पंधरा लाख. चोरबीटी विकणारा एका हंगामात किती कमावतो ते तिफण यांना माहीत असेल.

इंडोनेशियाचा किस्सा या धाग्यात यायलाच हवा. दक्षिण सुलावेसीत 2001 मध्ये बीटी कपाशी आली आणि दोन वर्षांत आटोपली. पुढे उघड झालं की पर्यावरणावरच्या परिणामांच्या अभ्यासाची अट टाळण्यासाठी तिथल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला 50 हजार डॉलर दिले गेले होते. 2005 मध्ये मोन्सँटोने अमेरिकेत त्यासाठी 15 लाख डॉलर दंड भरला. म्हणजे लाच जकार्तात आणि पकड वॉशिंग्टनमध्ये. इंडोनेशियाच्या शेतकऱ्याला त्यातलं काही मिळालं नाही.

---

पतंग_सापळा | 12 जून, रात्री 11.05

मी अकोल्याला कीटकशास्त्रात पीएचडी करतोय. काळी_कसदार काका, चीनबद्दल तुमचं बरोबर आहे, एक भर घालतो. आपल्याकडची कपाशी संकरित. जगात जवळपास सगळी कपाशी संकरित लावणारा देश आपणच. संकरिताच्या झाडात बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. म्हणून त्याच्या बोंडात ज्या बिया धरतात त्यांच्यात बीटी असलेल्या आणि नसलेल्या बिया मिसळून असतात. गुलाबी अळी बोंडात शिरून बी खाते. तिला पूर्ण डोस मिळत नाही, थोडाथोडा मिळतो. असा थोडा डोस म्हणजे प्रतिकाराची शाळाच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी हे बरीच वर्षं मांडलंय. त्यात आपली कपाशी 180 दिवसांची, वर फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक. अळीला डिसेंबर-जानेवारीतही पंगत मांडलेली. मंजुरीच्या कागदात जनुक तपासलं, पण ते सहा महिन्यांच्या संकरित पिकात कसं वागेल हे कोणी विचारलं नाही.

आता 120 ग्रॅमची वेगळी पुडी गेली. 475 ग्रॅमच्या पाकिटातच पाच ते दहा टक्के साधं बियाणं मिसळून येतं. गुलाबी अळी एका झाडावरून दुसऱ्यावर फारशी जात नाही, म्हणून हे मिश्रण तिच्यासाठी ठीक आहे. उशीर झाला, पण दिशा बरोबर आहे.

---

रानवाट | 13 जून, सकाळी 6.50

पतंग, चांगली माहिती दिलीत. ते पाच टक्के खरंच पाकिटात असतात का, हे कोणी तपासलंय?

---

सप्तपदी_नागोया | 13 जून, सकाळी 8.15

दक्षिण कोरियाची आठवण झाली. 2023 मध्ये तिथे बाजारात खुशाल विकल्या जाणाऱ्या झुकिनीचे दोन वाण जीएम निघाले, परवानगी नसलेले. लोक ते खात होते. सरकारने विक्री थांबवली, तयार पदार्थ परत मागवले. बियाण्याची तपासणी करायला गेले म्हणून सापडलं.

---

काळी_कसदार | 13 जून, रात्री 9.20

रानवाट दादा, तुमचा प्रश्न घेऊन आज कृषी केंद्रात गेलो. 901 रुपयांचं पाकीट घेतलं, घरी ताटात ओतलं. सगळ्या बिया एकाच रंगाच्या औषधात घोळलेल्या. कोणती बीटी, कोणती साधी, डोळ्यांनी कळायचा मार्गच नाही. बाबा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "म्हणजे आता फेकताही येत नाही आणि मोजताही येत नाही."

पतंग, एक विचारू? नागोयाच्या ताईंनी सांगितलेल्या पट्ट्या कपाशीला चालतात ना? नागपूरच्या संस्थेने बीटी ओळखण्याचे संच केले होते असं वाचलंय.

---

पतंग_सापळा | 13 जून, रात्री 9.55

चालतात काका. कोवळं पान लागतं. एका पाकिटातल्या शंभर झाडांची पानं घ्या, झाडांना नंबर घाला. पाच ते दहा झाडांवर एकच रेघ यायला हवी. पट्ट्या स्वस्त नाहीत, पण आमच्या विभागात गाइडना विचारतो. पाकीट फेकू नका, लॉट नंबर हवा. पेरणी कधी?

---

काळी_कसदार | 13 जून, रात्री 10.05

पाऊस झाला की. जमिनीत ओल अजून वीतभरही नाही. हे पाकीट मी धुऱ्याजवळ वेगळं लावतो, सहा ओळी, पाटी लावून.

---

तिफण | 13 जून, रात्री 10.30

पतंग, माझ्याकडे या वर्षी दोन एकर बिलाची कपाशी आहे आणि तीन एकर बिनबिलाची. दोन्हींची पानं घेऊन जा. तुमचं जे निघेल ते इथे टाका, माझ्या बाजूचं असो वा नसो.

---

बांधावरचा_साहेब | 14 जून, सकाळी 6.40

मी यवतमाळ आणि अकोला दोन्हीकडे येऊ शकतो, गाडी आहे. झाडांना नंबर घालायची कापडी पट्टी घरून आणतो. तारीख कळवा.